पात्र-अपात्राच्या पलीकडे: पंडिता रमाबाई आणि केडगावचं मुक्तिसदन

देहू आणि आळंदी ही दोन्ही गावं आज कारखान्यांच्या वेढ्यात आहेत. एका अंगाला पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहती, दुसऱ्या अंगाला चाकणचे मोटारींचे कारखाने, आणि आषाढी वारीच्या पालख्या अजून इथूनच निघतात. देव कर्माने मिळतो की कृपेने, हा प्रश्न या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. व्रतवैकल्यं आणि कर्मकांड यांच्यापेक्षा नामाला आणि शरण जाण्याला मोठं मानणारी परंपरा याच मातीत वाढली. म्हणूनच 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोचलो असं सांगत, तेव्हा मराठी वाचकाला ते चमत्कारिक वाटलं नाही. ख्रिस्ती धर्मातही हा वाद पहिल्या शतकापासून आहे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात माणूस श्रद्धेमुळे देवापुढे निर्दोष ठरतो, नियमशास्त्रातल्या कर्मांमुळे नव्हे, असं मांडलं; याकोबाच्या पत्रात कृतीवाचून श्रद्धा मेलेली आहे असं बजावलं. 1517 नंतर मार्टिन ल्यूथर पौलाच्या बाजूने उभा राहिला आणि युरोपातलं चर्च दुभंगलं. 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक उत्तर दिलं: सुरुवात कृपेनेच होते, पण माणसाने त्या कृपेला साथ द्यावी लागते आणि सत्कर्मांनी तिच्यात वाढावं लागतं. या भांडणाला साडेचारशे वर्षं लोटल्यावर, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी ऑग्सबर्गमध्ये एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या आणि मूळ मुद्द्यावर आपलं एकमत असल्याचं जाहीर केलं.

महाराष्ट्रात हा वाद परिषदांमध्ये गाजला नाही. तो एका बाईच्या आयुष्यातून गेला, आणि त्याचे परिणाम पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर विटामातीत उभे राहिले. पंडिता रमाबाईंचं चरित्र आपण सहसा समाजसुधारणेच्या खात्यात मांडतो आणि त्यांच्या धर्मविचाराला परिशिष्टात टाकतो. मला ही मांडणी उलटी वाटते. सत्कर्मांनी तारण मिळत नाही, हे त्यांना ज्या काळात मनोमन पटलं, त्यानंतरच त्यांच्या सत्कर्मांना सीमा उरली नाही. हे विरोधाभासासारखं दिसतं. पण घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम पाहिला की त्यामागचा कार्यकारणभाव उलगडतो.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं म्हणून विद्वानांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिलं. मिळेल त्या दक्षिणेतून दानधर्म, उपासतापास, प्रदक्षिणा, अनुष्ठानं असा त्यांचा क्रम होता. 1870च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि हातातलं सारं संपत आलं, तेव्हाही उरलंसुरलं दानातच गेलं. देव प्रसन्न होईल ही आशा होती. मजुरी करणं शास्त्रीबुवांच्या कुळाला साजणारं नव्हतं. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. आधी वडील, मग आई, पुढे थोरली बहीण गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी हिंदुस्थानभर भटकले आणि 1878 साली कलकत्त्याला पोचले. पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी ही हकिकत सांगितली आहे. ती वाचताना लक्षात राहते ती वडिलांविषयीची त्यांची माया आणि पुण्याच्या हिशेबाविषयीची निराशा. इतकं पुण्य करूनही पारडं आपल्या बाजूला झुकलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुतून बसली.

कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या आणि घरंदाज बायकांपुढे स्त्रीधर्मावर प्रवचनं करायला सांगितलं. त्यासाठी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना तिला जे दिसलं त्याने पुढच्या आयुष्याला वळण लावलं. ग्रंथांची आपापसांत अनेक बाबतींत भांडणं होती, पण स्त्रिया आणि शूद्र पुरुषांसारखे मोक्षाचे अधिकारी नाहीत, यावर त्यांचं बहुतेक एकमत आहे, असा निष्कर्ष तिने काढला. स्त्रीला उरलेलं एकमेव सत्कर्म म्हणजे पतिसेवा. तीही पुढच्या जन्मी बरी योनी मिळावी म्हणून. हा तिचा निष्कर्ष संतपरंपरेला लागू पडत नाही, आणि देहू-आळंदीच्या वाचकाने तशी हरकत घेतली तर ती रास्तच आहे. पण ज्या शास्त्री घरात ती वाढली तिथे अधिकार हा शब्द संतांच्या अर्थाने वापरला जात नव्हता. पात्र कोण आणि अपात्र कोण, हा प्रश्न तिच्यापुढे तिथून उभा राहिला. तारणाबद्दलची तिची पुढची सगळी धडपड मला या एकाच प्रश्नाची धडपड वाटते.

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी. पुण्याला येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि 1883 मध्ये शिक्षणासाठी इंग्लंड गाठलं. तिथे वॉण्टेज गावच्या अँग्लिकन मठवासिनींकडे त्या राहिल्या. मठाचं लंडनच्या फुलहॅम भागात एक आश्रयगृह होतं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथे सेवा चाले. रमाबाईंनी असं काही आजवर पाहिलं नव्हतं. त्यांच्या वाचनातल्या धर्मशास्त्रात अशा स्त्रीसाठी शिक्षा होती, शुश्रूषा नव्हती. ही माणसं असं का करतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका मठवासिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली: पाच नवरे झालेली, परक्या जमातीची बाई, आणि तिच्याशी विहिरीवर बोलणारा येशू. बनारसचे पंडित आणि नंतर ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लिखाणाने उरलेल्या शंका दूर केल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या सत्कर्मं पाहून. श्रद्धेचा सिद्धान्त त्यांना तेव्हा पुरता उमगला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. वॉण्टेजचा पंथ उच्च अँग्लिकन वळणाचा. बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि चर्चची शिस्त यांतून कृपा माणसापर्यंत येते यावर त्यांचा भर. या मठवासिनी कृपा विसरल्या होत्या असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण रमाबाईंच्या कानावर जे पडलं ते मुख्यतः विधी आणि आज्ञापालन. एका पुरोहितशाहीतून निघून दुसरीत जायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्य, चमत्कार, बिशपांचा अधिकार या प्रश्नांवर वॉण्टेजच्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात गुरुभगिनीचा जीव तुटतो आहे आणि शिष्या आपला विवेक दुसऱ्याच्या हवाली करायला ठाम नकार देते आहे. पत्रं दोन्ही बाजूंनी प्रेमाची आहेत, आणि म्हणूनच ती अजून बोचतात.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं अमेरिका फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक 1887 साली निघालं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. विधवांच्या शाळेचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याची हमी या मंडळाने दिली. अट अशी की शाळेत धर्मप्रसार करायचा नाही. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. सदनाचं काम चोख होतं, पण त्याला नेमक्या चौकटी होत्या: उच्चवर्णीय विधवा, ठरलेला पैसा, ठरलेली मुदत, सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर यांच्यासारखी मान्यवर माणसं.

1891च्या सुमारास रमाबाईंच्या हाती विल्यम हॅस्लम यांचं आत्मवृत्त आलं. हॅस्लम कॉर्नवॉलमधले पाद्री, वॉण्टेजसारख्याच उच्च चर्चच्या वळणाचे. वेदी, विधी, नवी चर्च बांधणं यांत रमलेल्या या माणसाला 1851 साली प्रवचन देता देताच उमजलं की आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपल्यालाच अजून मिळालेलं नाही. रमाबाईंनी त्यात स्वतःला पाहिलं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती, हातून चांगलं काम होत होतं, लोक नाव घेत होते. पण आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांना तीव्रतेने जाणवलं. मग पौलाची पत्रं नव्याने वाचताना त्यांना पटलं की तारण ही कमाई होऊच शकत नाही. ते दान आहे, आणि दान घेणाऱ्याच्या अंगी कसलीही पात्रता असावी लागत नाही. लहानपणापासून ज्या वजनकाट्याने त्यांना छळलं होतं, तो काटाच देवाने मोडून टाकला होता.

या बदलाची पहिली किंमत शारदा सदनाने मोजली. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत दार उघडं ठेवून मोठ्याने प्रार्थना करत. काही मुली येऊन बसू लागल्या. हे धर्मांतराचं जाळं आहे असा गवगवा झाला. 'केसरी'ने तोफ डागली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सदनाशी संबंध तोडले आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेलं. कुणाला बोलावलं नाही आणि आलेल्याला हाकललंही नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. घरात आपल्या देवाची उघड प्रार्थना करायला कुठल्याही अटीने बंदी केलेली नाही, असंही. हे म्हणणं अटीच्या अक्षराला धरून होतं. पण ज्यांनी विश्वासाने आपल्या मुली धाडल्या त्या पालकांच्या दृष्टीने अक्षरापेक्षा भरवसा मोठा होता, आणि तो तुटला हेही खरं.

मग 1896चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेल्यांचे तांडे, सरकारी कामांवरची गर्दी, अन्नछत्रांच्या आसपास पोरक्या मुलींवर डोळा ठेवून असलेली माणसं त्यांनी पाहिली. वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांना आठवली, आणि शेकडो मुली व बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढी माणसं शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. त्याआधी सदनाला फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली होती. तिथे आधी झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या आणि सप्टेंबर 1898 मध्ये मुक्तिसदनाचं रीतसर उद्घाटन झालं. त्याच वर्षी बॉस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत सरली. अमेरिकेतली मदत नव्या रूपात चालू राहिली, पण वाढत्या पसाऱ्याला पुरेल अशी पक्की हमी आता कुणाचीच नव्हती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने वर्गणी न मागता केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुलं सांभाळली होती. रमाबाईंनी तोच मार्ग धरला. 1900 मध्ये गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

काम नुसतं मोठं झालं नाही, त्याची जातही बदलली. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवा होत्या. केडगावात कुणबी, महार, मांग, भिल्ल, सगळ्यांच्या मुली एका पंगतीत बसू लागल्या. फसवल्या गेलेल्या किंवा वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघालं. फुलहॅमला पाहिलेलं दृश्य पंधरा वर्षांनी मराठी मुलखात उतरलं. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचं काम मनोरमाने हाती घेतलं. हातमाग, तेलघाणा, छापखाना, शिवण, दूधदुभतं, शेती, सगळं बायकांच्या हाती होतं. ज्या घरात मजुरीची लाज धरून माणसं उपाशी मेली, त्या घरातल्या मुलीने अंगमेहनत हा आश्रमाचा पाया केला. एफेसकरांना लिहिलेल्या पत्रात तारण कर्मांनी नाही असं म्हटल्यावर लगेच पुढच्या वचनात माणूस सत्कर्मांसाठीच घडवला गेला आहे असं म्हटलं आहे. सत्कर्म तारणाची किंमत नाही, ते तारणानंतरचं जगणं आहे. केडगावचा दिनक्रम या क्रमाने चालत होता.

इथे पहिला आक्षेप येतो: हे सगळं दुष्काळाने घडवलं, सिद्धान्ताने नव्हे. दुष्काळ पडला नसता तर मुक्तिसदनही झालं नसतं, एवढं मान्य. पण तो दुष्काळ सर्वांनीच पाहिला. हमी संपत असताना, शहरात जागा नाकारली गेली असताना, हाताशी असलेल्या पन्नास-साठ मुलींचीच चिंता पुरेशी असताना शहाणा व्यवस्थापक आकडा कमी करतो. रमाबाईंनी तो वाढवला. दुष्काळाआधीच, 1896 मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात, आपल्याकडच्या पंधरा श्रद्धावंत मुलींचा वर्ग, म्हणजे दोनशे पंचवीस, व्हावा अशी प्रार्थना त्यांनी केली होती. तेव्हा सदनात तेवढ्या मुलींना जागाही नव्हती. दाराशी आलेल्यांत लायक कोण, हा प्रश्न त्या विचारेनाशा झाल्या होत्या. तो प्रश्न न विचारण्याची शिकवण त्यांना कुठून मिळाली याचं उत्तर दुष्काळाच्या सरकारी अहवालात सापडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. उपाशी, पोरक्या, अज्ञान मुलींना अन्न दिलं आणि धर्मही दिला. मग ती सेवा की सौदा? अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनपासून प्रत्येक दुष्काळात हा प्रश्न मिशनऱ्यांना विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होतं. जायला दुसरं घर नसलेल्या दहा वर्षांच्या मुलीची निवड कितपत मोकळी होती, हे सचोटीने सांगणं कठीण आहे. रमाबाईंच्या बाजूने एवढं म्हणता येतं की त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्तानुसार असा सौदा निरर्थक होता. स्वतःच्या बाप्तिस्म्यानंतरही आठ वर्षं आपल्याला ख्रिस्त मिळाला नव्हता, असं जाहीरपणे लिहिणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या डोक्यावर पाणी पडलं म्हणून काम झालं असं मानणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांचा भर अंतःकरण पालटण्यावर होता. तरीही माझ्या मते हा सिद्धान्त त्यांचा हेतू शुद्ध ठरवतो, परिस्थितीतली असमानता पुसत नाही. हेतू शुद्ध असूनही देणाऱ्याच्या हाती सत्ता राहतेच, आणि केडगावच्या इतिहासाचा हा भाग ज्यांना खुपतो त्यांना पूर्वग्रहदूषित म्हणून झटकून टाकता येणार नाही.

जून 1905 मध्ये मुक्तिसदनात जागृतीची लाट आली: मुली रात्ररात्र प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वाल्पारायसो इथल्या मेथडिस्ट पाद्री विलिस हूव्हर यांच्या घरी पोचली आणि 1909 साली तिथे जी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी ती पुस्तिका होती. या सुमारास रमाबाईंनी पुण्याच्या सार्वजनिक वादांतून अंग काढून घेतलं होतं. सुधारणेची पुढारी भक्तीत हरवली, अशी खंत तेव्हापासून आजवर व्यक्त होते, आणि त्यात तथ्य आहे. स्त्रीप्रश्नावर इतक्या धारेने लिहिणारी लेखणी त्या रणातून बाहेर पडली. मात्र ती थांबली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा भाषेत आणायला घेतलं. आश्रमातल्या मुलींनीच ते छापलं. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. भाषांतराचं काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

परिणामांचा विचार केला तर दोन वेगळ्या वाटा दिसतात. कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्याला नेला. विधवेला शिकवता येतं आणि ती शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहते, याचं उदाहरण शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनीच्या रूपाने त्यांच्या घरातच होतं. धर्मांतराची भीती नसलेली संस्था हिंदू समाजाला हवी होती, ती कर्व्यांनी दिली. दुसरी वाट ख्रिस्ती समाजाच्या आतली. ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' भरवला. मिशनच्या पगारावर केलेली सेवा आणि कृपेच्या ओढीने केलेली सेवा यांत अंतर आहे, ही जाणीव त्यांच्याही निर्णयामागे होती. पुढे शेतीवर भागेनासं झालेली नगर, जालना, सोलापूरकडची कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबं पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांकडे वळली. त्यांच्यातल्या अनेकांच्या आज्या-पणज्यांचं ख्रिस्तीपण दुष्काळाच्या साली सुरू झालेलं आहे. भाकरीसाठी बाटलेले, हा टोमणा त्यांनी शंभर वर्षं ऐकला. आजीने आधी भाकरी घेतली की आधी विश्वास ठेवला, याचा निवाडा करायला आता कुणी साक्षीदार उरलेला नाही. आणि पात्रता न तपासता दार उघडायचं हे ज्या घराचं तत्त्व होतं, त्या घराने आत आलेल्या मुलीकडे तो निवाडा मागितलाही नव्हता. केडगावचं मुक्तिसदन अजून चालू आहे आणि तिथे आजही निराधार स्त्रियांना आणि मुलींना आसरा मिळतो.